राहते घर पुढच्या पिढीकडे सोपवताना: मृत्युपत्र करावे की ट्रस्ट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे महाराष्ट्रातील राहत्या घरापुरती, म्हणजे सोसायटीतील फ्लॅट, बंगला किंवा गावठाणातील घर यांपुरती मर्यादित आहेत. शेतजमिनीचे नियम वेगळे असल्याने तो विषय येथे घेतलेला नाही. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष दस्त करण्यापूर्वी आपली कागदपत्रे वकिलाला दाखवावीत.

१. मृत्युपत्र आणि ट्रस्ट यांत नेमका फरक काय?

मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच त्याचा अंमल सुरू होतो. तोपर्यंत घर पूर्णपणे आपलेच असते. आपण ते विकू शकता, गहाण ठेवू शकता आणि मृत्युपत्रही कितीही वेळा बदलू शकता. ट्रस्टमध्ये घराची मालकी विश्वस्तांकडे जाते आणि त्यांना ते घर लाभार्थींच्या हितासाठी सांभाळावे लागते. हयातीत ट्रस्ट केला, तर हा बदल दस्त नोंदवला जातो त्याच दिवशी होतो. मृत्युपत्रांना प्रामुख्याने भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो, तर खासगी ट्रस्टला भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ लागू होतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवले जाणारे सार्वजनिक न्यास हा स्वतंत्र विषय असून कुटुंबाच्या घराशी त्याचा संबंध नाही.

२. मी दोन्हींपैकी काहीच केले नाही, तर घर कोणाला मिळेल?

हिंदू पुरुषाने मृत्युपत्र न करता निधन पावल्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान हिस्से मिळतात. आधीच वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या वारसांना त्या अपत्याचा हिस्सा मिळतो. वडील या पहिल्या वर्गात येत नाहीत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते.

स्त्रीच्या बाबतीत नियम वेगळे आहेत आणि तेथेच सर्वाधिक अन्याय घडताना दिसतो. मूलबाळ नसलेल्या विवाहित हिंदू स्त्रीने स्वतःच्या कमाईतून घेतलेले घर, तिचा पती हयात नसेल, तर तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. त्यामुळे स्वतःच्या नावावर घर असलेल्या प्रत्येक स्त्रीने, विशेषतः अपत्य नसल्यास, मृत्युपत्र केलेच पाहिजे.

३. सोसायटीत नामनिर्देशन केलेले आहे. मग मृत्युपत्राची गरज काय?

गरज आहे, कारण नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. सभासदाच्या मृत्यूनंतर संस्थेने कोणाशी व्यवहार करायचा, एवढेच नामनिर्देशन ठरवते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, वारस निश्चित होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सभासद म्हणून घेतले जाते. संस्थेने नामनिर्देशितास सभासदत्व देणे आणि वारसांनी मालकीहक्क न्यायालयात मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच स्पष्ट केले आहे. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत वेगवेगळी नावे असतील, तर भांडणाला निमंत्रणच मिळते. म्हणून शक्यतो दोन्हींत एकच नाव ठेवावे.

४. आमचा एकच फ्लॅट आहे आणि दोन मुले आहेत. ट्रस्ट करावा का?

बहुतेक वेळा नाही. मुले सज्ञान आणि आर्थिक व्यवहार सांभाळण्यास समर्थ असतील आणि घर कोणाला द्यायचे हे आपण ठरवलेले असेल, तर व्यवस्थित केलेले मृत्युपत्र पुरेसे ठरते. आपल्या पश्चात घर ‘कोणाला’ द्यायचे, एवढाच प्रश्न असेल तर मृत्युपत्र करावे. आपल्या पश्चात कोणीतरी ते घर दुसऱ्या कोणासाठी ‘सांभाळत’ राहणे गरजेचे असेल, तरच ट्रस्टचा विचार करावा. अशा कुटुंबांची उदाहरणे प्रश्न ८ मध्ये दिली आहेत.

५. मृत्युपत्र वैध होण्यासाठी काय लागते? स्टॅम्प पेपर लागतो का?

स्टॅम्प पेपर लागत नाही आणि मुद्रांक शुल्कही नसते. साध्या कागदावर हाताने लिहिलेले मृत्युपत्रही चालते. करणारी व्यक्ती सज्ञान आणि स्वस्थचित्त असावी, तिने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून, किंवा करणाऱ्याने ‘ही सही माझी आहे’ असे सांगितल्यावर, त्याच्या समक्ष आपापल्या सह्या कराव्यात. साक्षीदारांनी मजकूर वाचणे आवश्यक नसते. दोघांनी एकाच वेळी हजर असणेही कायद्याने सक्तीचे नाही, तरी तसे करावे.

मजकुरात घराचे वर्णन इतके नेमके असावे, की त्याविषयी कोणतीही शंका उरू नये. ‘माझा पुण्याचा फ्लॅट’ असे मोघम न लिहिता फ्लॅट क्रमांक, इमारतीचे व संस्थेचे नाव, सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, भाग दाखल्याचा (शेअर सर्टिफिकेटचा) क्रमांक आणि खरेदीखताचा दस्त क्रमांक व दिनांक लिहावा. प्रत्येक पानाच्या तळाशी सही करावी आणि खाडाखोड असेल तेथे बाजूला सही करावी. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यक्तीचे, म्हणजे व्यवस्थापकाचे नाव घालावे. हे कलम विसरले जाण्याचे प्रमाण मोठे आहे आणि ते राहिल्यास वारसांचे काम नाहक वाढते.

वय झालेले असेल किंवा आजारपण असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. दोनपैकी एक साक्षीदार तरी तरुण, पण सज्ञान असावा, कारण मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायची वेळ आल्यास किमान एका साक्षीदाराची साक्ष घ्यावी लागते आणि ती वेळ वीस वर्षांनीही येऊ शकते.

६. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची आहे का?

नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार ती ऐच्छिक आहे आणि केव्हाही करता येते. तरीही घराच्या बाबतीत नोंदणी करावी, असेच आम्ही सुचवतो. दुय्यम निबंधकासमोर आपण स्वतः हजर झालात, याची अधिकृत नोंद राहते आणि मूळ प्रत गहाळ झाली तरी प्रमाणित प्रत मिळू शकते. मजकूर कोणालाच कळू द्यायचा नसेल, तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे मृत्युपत्र ठेवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे.

नोंदणीकृत मृत्युपत्र अंतिम असते, हा गैरसमज आहे. नंतर केलेले साध्या कागदावरचे वैध मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला रद्दबातल ठरवू शकते.

७. प्रोबेट घ्यावेच लागते का? ट्रस्ट केला तर ते टळते, असे ऐकले आहे.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आणि शेवटचे आहे, यावर न्यायालयाने केलेले शिक्कामोर्तब. बृहन्मुंबईत केलेल्या किंवा तेथील स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्रांसाठी ते अनेक दशके आवश्यक होते. पुणे, नाशिक, नागपूर येथे ही सक्ती कधीच नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने उत्तराधिकार अधिनियमातील संबंधित कलम २१३ वगळले आणि मुंबईपुरती असलेली ही सक्ती संपुष्टात आली.

सक्ती संपली तरी प्रोबेटची सोय कायम आहे. वारसांत वाद असेल किंवा घर विकताना खरेदीदाराचा वकील वा बँक आग्रह धरत असेल, तर प्रोबेट घेणे शहाणपणाचे ठरते. हयातीत केलेल्या ट्रस्टमधील घराला प्रोबेट लागत नाही, हे खरे आहे. मात्र केवळ तेवढ्यासाठी ट्रस्ट करण्याचे जे कारण मुंबईत पूर्वी दिले जाई, ते आता बरेच दुबळे झाले आहे.

८. मग ट्रस्ट खरोखर उपयोगी कोणाला?

सर्वांत आधी बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्या अपत्याच्या पालकांना. असे घर थेट अपत्याच्या नावे केले, तर त्याची देखभाल, कर भरणे आणि वेळप्रसंगी विक्री हे सारे कोणी करायचे, हा प्रश्न उरतो. घर भावंडाच्या नावे करून ‘तू तिला सांभाळ’ असे सांगणे म्हणजे एका व्यक्तीच्या आयुष्यभराच्या निवाऱ्याची जबाबदारी दुसऱ्याच्या सदिच्छेवर सोपवणे होय. पुढे भावंडाचा घटस्फोट, कर्जबाजारीपणा किंवा अकाली मृत्यू झाल्यास त्या सदिच्छेलाही कायद्याचा आधार राहत नाही. ट्रस्टमध्ये मात्र विश्वस्तांवर कायदेशीर कर्तव्य येते आणि ते न पाळल्यास न्यायालयात दाद मागता येते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील स्थानिक स्तर समितीकडून मिळणारे पालकत्व ही वेगळी बाब आहे. बहुतेक कुटुंबांना पालकत्व आणि ट्रस्ट या दोन्हींची गरज भासते.

त्याखालोखाल अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान न झालेल्या, नातवंडांचा विचार करावा लागतो. अज्ञान हिंदू मुलाच्या नावे घर आल्यास नैसर्गिक पालकाला ते न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. ट्रस्ट डीडमध्ये विश्वस्तांना विक्रीचे अधिकार स्पष्टपणे दिलेले असतील, तर ही अडचण बरीच कमी होते. दुसऱ्या विवाहानंतर आधीच्या विवाहातील अपत्यांचा हक्क सुरक्षित ठेवायचा असेल किंवा एखाद्या वारसाला व्यसन असेल, तरीही ट्रस्टचा विचार अवश्य करावा.

९. मृत्युपत्रातूनच ट्रस्ट निर्माण करता येतो का?

येतो, आणि आमच्या मते प्रश्न ८ मधील अनेक कुटुंबांसाठी हाच मध्यममार्ग सर्वांत सोयीचा ठरतो. आपल्या मृत्यूनंतर घर अमुक विश्वस्तांकडे जावे आणि त्यांनी ते अमुक लाभार्थीसाठी सांभाळावे, असे मृत्युपत्रातच लिहिता येते. हयातीत घर आपलेच राहते, मत बदलता येते आणि मुद्रांक शुल्क लागत नाही. गाभ्याचे कलम साधारण असे असते:

‘माझ्या पश्चात वर वर्णन केलेला फ्लॅट खाली नमूद केलेल्या विश्वस्तांच्या ताब्यात जावा. माझी मुलगी हयात असेपर्यंत त्यांनी तो तिच्या निवासासाठी राखून ठेवावा. तिच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास त्यांनी तो विकून तिच्यासाठी दुसरे घर घ्यावे अथवा तिच्या निवासी देखभालीची सोय करावी. तिच्या पश्चात उरलेली मालमत्ता माझ्या मुलास अथवा त्याच्या अपत्यांस मिळावी.’

मधले विक्रीचे वाक्य नसेल, तर पुढे त्या व्यक्तीला दुसऱ्या शहरातील निवासी संस्थेत हलवणे विश्वस्तांना अवघड होऊन बसते. शिवाय केवळ घर ट्रस्टमध्ये ठेवून भागत नाही. सोसायटीचे मासिक शुल्क, मालमत्ता कर आणि दुरुस्ती यांसाठी रोख रक्कमही त्याच ट्रस्टला द्यावी. या मार्गाची एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी. आपण स्वतः हयात असूनही अंथरुणाला खिळलात किंवा स्मृतिभ्रंश झाला, तर मृत्युपत्र उपयोगी पडत नाही. त्या शक्यतेची चिंता असेल, तर हयातीतील ट्रस्ट अधिक योग्य ठरेल.

१०. दोन्हींच्या खर्चात किती फरक पडतो?

मृत्युपत्राला वकिलाचे शुल्क आणि ऐच्छिक नोंदणीची नाममात्र फी एवढाच खर्च येतो. हयातीत घर ट्रस्टकडे देताना दस्त लेखी व नोंदणीकृत असावाच लागतो आणि त्यावर सहसा घराच्या बाजारमूल्यानुसार मुद्रांक शुल्क आकारले जाते. कुटुंबातील बक्षीसपत्राची सवलत (प्रश्न १२) ट्रस्टला आपोआप मिळेल, असे गृहीत धरू नये. मसुदा तयार झाल्यावर सही करण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती लागेल याचा अधिकृत निर्णय, करून घ्यावा, म्हणजे नंतर दंडाची टांगती तलवार राहत नाही.

११. कर कोणत्या मार्गात कमी लागतो?

भारतात वारसा कर नाही. मृताच्या संपत्तीवर लागणारे संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने घर मिळाल्यावर आयकर लागत नाही आणि केवळ नातेवाइकांच्या हितासाठी केलेल्या ट्रस्टला घर दिल्यासही सहसा लागत नाही. म्हणजे निव्वळ कर वाचवण्यासाठी राहते घर ट्रस्टमध्ये टाकण्यात फारसा अर्थ नाही. उलट, घर भाड्याने दिलेले असेल आणि लाभार्थींचे हिस्से निश्चित नसतील, तर त्या उत्पन्नावर कमाल दराने कर लागू शकतो. एखाद्या व्यक्तीने मृत्युपत्राने जाहीर केलेल्या एकमेव ट्रस्टला यातून सूट मिळते. ट्रस्ट रद्द करण्याचा अधिकार आपण राखून ठेवला असेल, तर उत्पन्न आपलेच समजले जाते.

१२. त्यापेक्षा आत्ताच मुलाच्या नावे बक्षीसपत्र केले तर?

खर्चाच्या दृष्टीने ते आकर्षक आहे. महाराष्ट्रात निवासी घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो. परंतु नोंदणीकृत बक्षीसपत्र मन बदलले म्हणून रद्द करता येत नाही आणि त्या दिवसापासून आपण स्वतःच्या घरात दुसऱ्याच्या मर्जीने राहू लागता.

ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर ती अट मोडल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, तर २०२५ च्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळाची अट आणि स्वतःचा हयातभर राहण्याचा हक्क दस्तातच लिहून घ्यावा. नाते कितीही चांगले असले तरी यात संकोच करू नये.

१३. केलेला ट्रस्ट नंतर रद्द करता येतो का?

ट्रस्ट डीडमध्ये तसा अधिकार स्पष्टपणे राखून ठेवला असेल तर येतो. अन्यथा सर्व लाभार्थींची संमती लागते आणि त्यांत कोणी अज्ञान किंवा अक्षम असेल, तर ती संमती मिळूच शकत नाही. मृत्युपत्रातून केलेला ट्रस्ट करणाऱ्याच्या हयातीत केव्हाही बदलता येतो.

१४. अमेरिकेतील नातेवाईक म्हणतात, तिकडे सगळेच ट्रस्ट करतात.

तेथील अनेक राज्यांत प्रोबेटची प्रक्रिया खर्चिक असल्याने ती टाळण्यासाठी घर हयातीतच ट्रस्टमध्ये ठेवण्याची पद्धत रूढ आहे. आपल्याकडे कारणे आणि खर्च दोन्ही वेगळे आहेत (प्रश्न ७ आणि १०). मुले परदेशी स्थायिक असणे, एवढेच ट्रस्टचे कारण होऊ शकत नाही. अनिवासी भारतीयांना भारतातील घर वारशाने घेता येते आणि ते विकून आलेली रक्कम, कर भरल्यानंतर, विहित मर्यादेत परदेशी नेता येते.

१५. सोसायटीतील फ्लॅट ट्रस्टच्या नावावर होतो का?

खासगी ट्रस्टला कंपनीसारखे स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व नसते आणि मालमत्ता विश्वस्तांच्या नावे असते. त्यामुळे भाग दाखल्यावर कोणाची नावे येतील आणि मतदानाचा हक्क कोणाला असेल, हे संस्थेशी आधीच लेखी बोलून घ्यावे. गृहकर्ज चालू असेल, तर बँकेच्या संमतीशिवाय हस्तांतर करू नये. देणी बुडवण्याच्या हेतूने केलेला ट्रस्ट धनकोंच्या मागणीवरून न्यायालय रद्द करू शकते.

१६. घर पतिपत्नी दोघांच्या नावे आहे. एकाच्या पश्चात दुसरा आपोआप मालक होतो ना?

आपोआप होत नाही. प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या किंवा तिच्या वारसांकडे अथवा मृत्युपत्रानुसार जातो. म्हणून दोघांनीही आपापले स्वतंत्र मृत्युपत्र करावे. एकत्र मृत्युपत्रामुळे पुढे बदल करताना गुंतागुंत होते. घर वडिलोपार्जित सहदायिकीचे, म्हणजे जन्मानेच हक्क मिळणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील असेल, तर फक्त आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर त्या सहदायिकीत मुलींचाही मुलांइतकाच हक्क असतो.

१७. पत्नीला हयातभर राहू द्यावे आणि नंतर घर मुलाला मिळावे, असे लिहिले तर चालेल का?

चालते, पण हे कलम वाटते तितके सोपे नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ नुसार, हिंदू स्त्रीला निर्वाहाच्या पूर्वीपासूनच्या हक्कापोटी मिळालेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीत रूपांतरित होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरवले. याच मुद्द्यावर अनेक कुटुंबांत आई आणि मुले समोरासमोर उभी ठाकतात. पत्नीच्या निर्वाहाची अन्य तरतूद केली आहे काय आणि घराचा हक्क नेमका कशासाठी दिला आहे, हे मृत्युपत्रात स्वच्छ लिहावे. आपल्या पश्चात पत्नीने घर कोणालाही दिले तरी हरकत नसेल, तर सरळ तिलाच पूर्ण मालकी द्यावी. तेच बहुधा सर्वांत कमी त्रासाचे असते.

१८. आम्ही हिंदू नाही. आम्हाला वेगळे नियम लागू होतात का?

काही बाबतीत होतात. मुस्लिम व्यक्तीला अंत्यसंस्काराचा खर्च आणि देणी वजा जाता उरलेल्या संपत्तीच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक भाग वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही. सुन्नी पंथात एखाद्या वारसाला मृत्युपत्राने काही द्यायचे असल्यासही इतर वारसांची संमती लागते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींचे आधी केलेले मृत्युपत्र विवाह होताच सहसा रद्द होते, म्हणून विवाहानंतर ते नव्याने करावे. त्यांच्या बाबतीत साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्राने काही दिले असल्यास ती देणगी रद्द ठरते. हिंदूंना हे कलम लागू नाही, तरीही लाभ घेणाऱ्यानेच साक्षीदार होणे न्यायालयाच्या संशयाला वाव देते, म्हणून ते टाळावे.

१९. एका मुलाला काहीच द्यायचे नाही. तो आव्हान देईल का?

स्वकष्टार्जित घराबाबत हिंदू व्यक्तीला तसे करण्याची मुभा आहे. आव्हान मात्र येऊ शकते आणि ते सहसा मानसिक अवस्था, दबाव किंवा खोटी सही या मुद्द्यांवर असते. ज्याला घर मिळणार, त्यानेच वकील शोधणे, मसुदा सांगणे आणि साक्षीदार आणणे टाळावे, कारण अशा संशयास्पद परिस्थितीचे निरसन करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर पडतो. वगळण्याचे कारण एका वाक्यात, संयमाने लिहावे. राग व्यक्त करणारी लांबलचक वाक्ये पुढे मनाची स्थिती ठीक नसल्याचा पुरावा म्हणून वाचून दाखवली जातात.

२०. घर कधीही विकू नये, पिढ्यान् पिढ्या कुटुंबातच राहावे, अशी अट घालता येईल का?

कोणत्याच मार्गाने कायमची घालता येत नाही. पूर्ण मालकी देऊन वर ‘कधीही विकू नये’ असे लिहिले, तर मालकी टिकते आणि अट गळून पडते. ट्रस्टमध्येही घर अनंतकाळ अडकवून ठेवता येत नाही. ट्रस्ट अमलात येताना (मृत्युपत्र असल्यास ते करणाऱ्याच्या मृत्यूच्या वेळी) हयात असलेल्या व्यक्तींचे आयुष्य आणि त्यानंतर अंतिम लाभार्थीच्या अज्ञानत्वाचा काळ, एवढ्याच मुदतीत मालकी कोणाकडे तरी पूर्णपणे जावी लागते. त्या मुदतीपुरते मात्र, उदाहरणार्थ धाकटी नात सज्ञान होईपर्यंत, विश्वस्तांनी घर विकू नये असे बंधन घालता येते. घराबाबत एवढीच इच्छा असेल, तर प्रश्न ९ मधील मृत्युपत्रातील ट्रस्ट त्यासाठी पुरेसा आहे.